सहा महिन्यांचं इंजेक्शन घ्यायचं का? आधी थोडी आकडेमोड करू

कासारवडवलीहून एका ताईंनी विचारलंय. वडील ५८ वर्षांचे. ५३ व्या वर्षी अटॅक आला, दोन स्टेंट टाकले. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. हृदयासाठी रोज रात्री एकच कॅप्सूल, तिच्यात कोलेस्ट्रॉल उतरवणारं स्टॅटिन (रोझुवास्टॅटिन १०), अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, ही दोन रक्त पातळ करणारी. अटॅकच्या वेळी एलडीएल, म्हणजे वाईट म्हणवणारं कोलेस्ट्रॉल, १७२ होतं, आता ९६ आहे आणि लॅबच्या कागदावर ते नॉर्मलमध्ये बसतंय. तरी कार्डिओलॉजिस्टनी ते उतरवायला वर्षातून दोनदा घ्यायच्या नव्या इंजेक्शनचा विषय काढला. अमेरिकेतला भाऊ म्हणतो लगेच सुरू करा. पुण्याचे काका म्हणतात मुळात स्टॅटिनच बंद करा, पाय त्यानेच दुखतायत. तर इंजेक्शन घ्यावं का, आणि घेतलं तर रोजची गोळी सुटेल का?

मी नौपाड्यात फिजिशियन आहे, कार्डिओलॉजिस्ट नाही. स्टेंट टाकण्याचं काम माझं नाही, पण स्टेंट टाकून घरी गेलेला माणूस पुढची वीस वर्षं आमच्याकडेच येतो, त्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ रोजचाच झालाय. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही. त्यांचं क्रिएटिनिन, लिव्हरचा रिपोर्ट, पायाच्या नाड्या, यातलं काही माझ्यासमोर नाही. म्हणून खाली जे लिहितेय ते त्यांच्या डॉक्टरांसमोर बसताना काय विचारायचं, यासाठी वापरा. परस्पर गोळी वाढवू नका आणि बंद तर अजिबात करू नका.

आधी त्या ‘नॉर्मल’बद्दल. लॅबवाले एलडीएलसमोर १०० च्या खाली असं जे छापतात, ते ज्याला काही झालेलं नाही अशा माणसासाठी असतं. लॅबच्या कॉम्प्युटरला बाबांचे स्टेंट माहीत नसतात. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये कोलेस्ट्रॉलबद्दल स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात अटॅक येऊन गेलेल्या माणसासाठी एलडीएल ५५ च्या खाली हवं असं स्पष्ट म्हटलंय. जोखीम आहे पण अजून काही घडलेलं नाही अशांना ७०, बाकीच्यांना १००. बाबांना अटॅक येऊन गेलाय, वर मधुमेह. त्यांचा आकडा ५५. म्हणजे ९६ हे नॉर्मल नाही, ते ४१ ने जास्त आहे.

हे ४१ महत्त्वाचे का? स्टॅटिनच्या मोठमोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा एक ढोबळ हिशेब हाती आला. एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की अटॅक, पक्षाघात, पुन्हा स्टेंट अशा घटना सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. बाबांचं अंतर जवळपास तेवढंच आहे. मात्र हे २२ टक्के त्यांच्या स्वतःच्या जोखमीतले. ज्याची जोखीम मोठी त्याचा फायदा मोठा. पंचविशीतल्या धडधाकट मुलाला त्याच २२ टक्क्यांतून फारसं काही मिळत नाही. भाऊ अमेरिकेतून जे लेख पाठवतो त्यात हा फरक बहुधा गाळलेला असतो.

तेव्हा इंजेक्शन चांगलं की वाईट, हा तुमचा खरा प्रश्न नाही. ९६ वरून ५५ वर कसं यायचं आणि त्या वाटेवर इंजेक्शन कितव्या नंबरला लागतं, हा आहे. याला पाटी-पेन्सिल पुरते.

रोझुवास्टॅटिन १० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण ४५ टक्के उतरतं. १७२ चे ४५ टक्के गेले की ९५ उरतात, तुमचा रिपोर्ट ९६ दाखवतो. म्हणजे गोळी काम करतेय, बाबा ती इमानदारीने घेतायत आणि ‘गोळी लागू पडत नाही’ या तक्रारीला जागा नाही. डोस दुप्पट केला, २० केला, तर किती फरक पडेल? लोकांना वाटतं दुप्पट. प्रत्यक्षात स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की मूळ आकड्याच्या फक्त सहाएक टक्के जास्त उतरतात. १७२ चे सहा टक्के म्हणजे दहा. ९६ चे ८६ होतील.

यात एझेटिमाइब १० मिलिग्रॅम मिळवा. ही जुनी, साधी गोळी आहे. आतड्यातून कोलेस्ट्रॉल शोषलं जाण्याची वाट ती अडवते आणि आहे त्यातलं आणखी वीसेक टक्के उतरवते. ८६ चे ६९. २०१५ मध्ये इम्प्रूव्ह-इट नावाची चाचणी प्रसिद्ध झाली, १८,१४४ रुग्णांची, सगळे नुकतेच हृदयाच्या त्रासाने ॲडमिट झालेले. स्टॅटिनला एझेटिमाइब जोडल्यावर घटना थोड्या पण खात्रीने कमी झाल्या, आणि मधुमेह असलेल्यांना त्याचा फायदा जास्त झाला. बाबा नेमके त्यातच येतात. स्टॅटिन आणि एझेटिमाइब एकाच गोळीतही मिळतं, आणि जेनेरिक घेतलं तर महिन्याच्या औषधाच्या बिलात फार मोठा फरक पडू नये.

मग ही गोळी त्यांना आजवर का मिळाली नाही? मला दाट शंका त्या थ्री-इन-वन कॅप्सूलची आहे. डिस्चार्जच्या वेळी ती सोयीची असते: रात्री एक, संपला विषय. पण पुढे तीच अडचण होते. स्टॅटिन वाढवायचं तर कॅप्सूलच बदलावी लागते, म्हणून प्रत्येक फॉलो-अपला ‘चालू ठेवा’ असं लिहिलं जातं आणि डोस दहावर गोठून राहतो. दुसरा धोका याहून वाईट. दाढ काढायची असते, रक्त पातळ करणारं औषध थांबवू का असं कुणी विचारतं, कुणीतरी मान डोलावतं, आणि कॅप्सूल बंद होते. अ‍ॅस्पिरिनबरोबर स्टॅटिनही बंद झालंय हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. दोन-तीन महिन्यांनी मी डबा उघडायला लावते तेव्हा ते पाकीट तसंच, चार कॅप्सूल फोडलेल्या आणि सहा जागेवर. (तसंही रक्त पातळ करणारं औषध दाढेसाठी आपल्या मनाने थांबवायचं नसतं.) आणखी एक. स्टेंटला पाच वर्षं झाल्यावर दोन-दोन रक्त पातळ करणारी औषधं लागतातच का, हेही कार्डिओलॉजिस्टना विचारून घ्या. त्यांच्याकडे कारण असेल, पण विचारायला हवं. एक औषध कमी झालं तर कॅप्सूल आपोआप सुटेल आणि स्टॅटिनची स्वतंत्र गोळी करता येईल.

आता पायांचं. काकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात, हे खरं आहे. पण पाय दुखतात म्हणजे नक्की काय होतं, हे आधी नीट विचारलं पाहिजे. तुम्ही लिहिलंय की उपवनला तलावाभोवती फेरी मारताना बाबांच्या पोटऱ्या भरून येतात, बाकावर दोन मिनिटं बसलं की बरं वाटतं, पुन्हा चालले की पुन्हा तेच. ताई, ही ओळ वाचून मी थांबले. चालताना पोटरी धरणं आणि थांबलं की सुटणं, हे स्टॅटिनचं दुखणं नाही वाटत. स्टॅटिनचं दुखणं दोन्ही मांड्या-खांद्यांत, बसल्या जागीही असतं, बहुधा गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत येतं. तुम्ही सांगताय ते पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं, म्हणजे हृदयात झालं तेच खाली. मधुमेह आहे, त्यात पूर्वी तंबाखू असेल तर शक्यता वाढते. डॉक्टरांना पायाच्या नाड्या बघायला सांगा. घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर मोजून त्यांचं गुणोत्तर काढण्याची तपासणी साधी, बिनसुईची आहे. कमरेच्या मणक्यामुळेही असं होतं, तो फरक तपासल्यावर कळेल. पण रक्तवाहिन्याच निघाल्या तर काकांचा सल्ला नेमका उलटा ठरेल, कारण मग स्टॅटिनची गरज आणखी वाढते.

समजा नाड्या उत्तम आहेत आणि दुखणं खरोखर स्नायूंचं आहे. तरी बंद करण्याआधी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व बघायचं. थायरॉइड मंद असेल तर स्नायू त्यानेही दुखतात आणि कोलेस्ट्रॉलही त्यानेच वाढतं. सगळं ठीक असेल तर काही आठवडे थांबून दुसरं स्टॅटिन कमी डोसमध्ये, किंवा रोझुवास्टॅटिन एक दिवसाआड, असा प्रयोग करता येतो. लंडनमध्ये सॅमसन नावाचा एक सुरेख अभ्यास झाला, २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ लोकांना काही महिने स्टॅटिनच्या, काही महिने हुबेहूब दिसणाऱ्या रिकाम्या आणि काही महिने कुठल्याच नाही, अशा बाटल्या दिल्या. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास नोंदवला गेला त्यातला ९० टक्के रिकाम्या गोळीच्या महिन्यांतही होता. त्रास खोटा नव्हता, लोकांना खरंच दुखत होतं. त्याचं कारण मात्र बहुतांशी गोळीतलं औषध नव्हतं. निकाल समजावून दिल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

इतकं झाल्यावर, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्ट्रॉलची रक्ततपासणी. उपाशीपोटीच हवं असं नाही, ट्रायग्लिसराइड फार वाढलेले नसतील तर जेवूनही चालतं. आकडा साठ-सत्तरच्या घरात आला तर मग नव्या औषधांचा विचार सुरू होतो, आणि तेव्हा तो अगदी रास्त असतो.

हे नवं औषध करतं काय ते सांगते, कारण ते समजलं की गोळी सुटेल का याचं उत्तर आपोआप मिळतं. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल उचलणारे रिसेप्टर असतात. गोल्डस्टाइन आणि ब्राउन यांना त्यांच्याच शोधाबद्दल १९८५ चं नोबेल मिळालं. रिसेप्टरला आपल्या ठाण्याच्या टीएमटीची बस समजा. स्टॉपवरून एलडीएलचे प्रवासी भरते, लिव्हरच्या आत उतरवते आणि रिकामी होऊन परत स्टॉपवर येते, अशा कितीतरी फेऱ्या. आपल्याच शरीरात पीसीएसके-९ नावाचं एक प्रथिन आहे, ते बसला चिकटलं की बस पहिल्याच फेरीनंतर भंगारात जाते. स्टॅटिन लिव्हरला जास्त बस बनवायला लावतं, पण त्याच झटक्यात हे भंगारवालं प्रथिनही जास्त बनतं. डोस दुप्पट करूनही सहाच टक्के का मिळतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. स्टॅटिनच्या जोडीला पीसीएसके-९ अडवलं, तर बनलेल्या सगळ्या बस फिरत राहतात.

या प्रथिनाचा हृदयाशी संबंध २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून कळला. त्यांच्यात ते जास्त जोमाने काम करत होतं आणि कोलेस्ट्रॉल आकाशाला भिडलेलं होतं. उलट बाजूने २००६ मध्ये अमेरिकेत असे लोक सापडले ज्यांच्यात ते जन्मतःच अर्धवट होतं. त्यांचं एलडीएल २८ टक्के कमी आणि हृदयविकार ८८ टक्के कमी. जन्मापासून थोडं कमी एलडीएल, एवढ्याने इतका फरक. औषध कंपन्या त्यानंतर धावत सुटल्या यात नवल नाही.

२०१५ मध्ये दोन इंजेक्शनं आली, इव्होलोक्युमॅब आणि अ‍ॅलिरोक्युमॅब. ही तयार अँटीबॉडी असतात, रक्तात फिरणारं पीसीएसके-९ पकडतात, साधारण पंधरा दिवसांनी एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली घ्यायची. एलडीएल साठेक टक्के उतरतं. २०१७ ची फोरिए चाचणी २७,५६४ रुग्णांची होती, सगळे स्टॅटिन घेणारेच. त्यांचं एलडीएल ९२ वरून ३० वर आलं आणि अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. सव्वादोन वर्षांतच हे झालं.

तुमच्या कार्डिओलॉजिस्टनी सुचवलं ते इन्क्लिसिरान असणार. ते अँटीबॉडी नाही. लिव्हरमध्ये शिरून पीसीएसके-९ बनवण्याचा निरोपच ते पुसून टाकतं, म्हणून परिणाम महिनोन्‌महिने टिकतो. एलडीएल साधारण निम्मं होतं. बाबांच्या पाटीवर मांडा: ६९ चे ३५. लक्ष्य आरामात गाठलं जातं. अमेरिकेत त्याला २०२१ च्या डिसेंबरमध्ये मंजुरी मिळाली, आता भारतातही मिळतं. टोचलेल्या जागी थोडं दुखतं, लाल होतं, त्यापलीकडे आजवर काळजीचं काही ठळक दिसलेलं नाही. मात्र एक फरक तुम्हाला माहीत असावा. हे एलडीएल उतरवतं हे पक्कं आहे. त्याने अटॅक किती कमी होतात हे मोजणाऱ्या मोठ्या चाचण्या, ओरायन-४ आणि तिच्या जोडीची व्हिक्टोरियन-२, मी हे लिहितेय तेव्हा चालू आहेत. अँटीबॉडीकडे तो पुरावा आधीच आहे. एलडीएल कुठल्याही वाटेने उतरलं तरी फायदा होतो असाच आजवरचा अनुभव असल्याने मला फार शंका नाही, पण माझ्या रुग्णाला मी हे सांगितल्याशिवाय टोचायला पाठवत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी, कारण घरोघरी चर्चा शेवटी इथेच येते. ‘वर्षाला दोन’ हे पहिल्या वर्षाला लागू नाही. पहिलं इंजेक्शन आज, दुसरं तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी, म्हणजे पहिल्या वर्षात तीन. औषध महाग आहे, तेव्हा एका डोसचा नाही, वर्षाचा खर्च विचारा आणि तो पुढची दहा वर्षं झेपेल का ते घरात बसून ठरवा. मेडिक्लेममध्ये ॲडमिट न होता घेतलेली औषधं बहुधा बसत नाहीत. पॉलिसीची ओपीडीची अट वाचून घ्या. एक डोस घेऊन सोडून दिलं तर हाती काही लागत नाही, एलडीएल हळूहळू मूळ जागी परत येतं. वर्षभर नुसती दोन गोळ्यांची जोडी नेमाने घेणारा माणूस मला एकच इंजेक्शन घेतलेल्यापेक्षा बरा वाटतो.

दुसरं फ्रीजचं. पंधरवड्याच्या अँटीबॉडीला फ्रीज लागतो. बाहेर काही दिवस चालते, पण २५ अंशांच्या आत, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये असं घर एसीशिवाय कुठलं? गणपतीला किंवा मे महिन्यात महिनाभर कोकणात जाणाऱ्यांना याचा खरंच त्रास होतो. इन्क्लिसिरानला फ्रीज लागत नाही, ते दवाखान्यातच टोचलं जातं, विसरायची सोय नाही. ज्यांच्या गोळ्या सारख्या चुकतात त्यांच्यासाठी हा गुण किमतीएवढाच मोलाचा आहे.

मग गोळी सुटेल का? नाही. बस बनवायचं काम स्टॅटिनचं, ती भंगारात जाऊ न देण्याचं काम इंजेक्शनचं. वरच्या चाचण्यांमधले बहुतेक रुग्ण स्टॅटिन घेतच होते. स्टॅटिन अजिबातच न सोसणाऱ्यांना एकटं इंजेक्शन देतात, पण ती गोष्ट वेगळी आणि बाबांना ती लागू आहे असं मला आत्ता तरी दिसत नाही.

इंजेक्शन परवडणार नसेल आणि आकडा ६० ते ७० मध्ये अडकला असेल तर मधली एक पायरी आहे, बेम्पेडोइक अ‍ॅसिड. हीदेखील गोळीच, रोज १८० मिलिग्रॅम. स्टॅटिन ज्या साखळीवर काम करतं त्याच साखळीत एक कडी अलीकडे ती अडवते. गंमत अशी की ती लिव्हरमध्ये पोहोचल्यावरच जागी होते, स्नायूंमध्ये ती जागी करणारं एन्झाइमच नाही. म्हणून स्टॅटिन न सोसणाऱ्यांवरच तिची मोठी चाचणी झाली. १३,९७० लोक, २०२३ मध्ये निकाल, घटना १३ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे भारतीय कंपन्या ती बनवतात. एझेटिमाइबच्या जोडीने तुमचे ६९ कदाचित ५६-५७ वर येतील, म्हणजे उंबरठ्यावर. युरिक अ‍ॅसिड मात्र वाढतं. बाबांना कधी पायाच्या अंगठ्याला संधिवाताची ठणक लागली असेल तर आधी सांगा.

आता भावाने पाठवलेली बाकीच्या नव्या औषधांची यादी. एन्लिसिटाइड ही पीसीएसके-९ अडवणारी गोळी. २०२५ मध्ये तिचे निकाल आले, एलडीएल निम्म्याहून जास्त उतरलं, सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते. गोळी म्हटल्यावर मलाही उत्सुकता आहे, पण अटॅक कमी होतात का, ते अजून मोजलं जातंय. ओबिसेट्रापिब हे सीईटीपी नावाचं प्रथिन अडवणाऱ्या गटातलं. या गटाचा इतिहास डागाळलेला आहे. त्यातल्या पहिल्या औषधाने, टोर्सेट्रापिबने, चांगलं म्हणवणारं कोलेस्ट्रॉल भरपूर वाढवलं आणि मृत्यूही वाढवले, २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. तेव्हापासून नुसता आकडा सुधारला म्हणून मी हुरळून जात नाही. जनुक संपादनाचा एकदाच करायचा उपाय अजून प्रयोगाच्या सुरुवातीला आहे. बाबांसाठी यातलं काहीच आजचं नाही.

उलट भावाच्या यादीत नसलेलं एक औषध मला महत्त्वाचं वाटतं. बाबांना मधुमेह आहे आणि अटॅक येऊन गेलाय, तरी साखरेसाठी फक्त मेटफॉर्मिन. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने अशाच रुग्णांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्के कमी केल्याचं दिसलं. हे कोलेस्ट्रॉलचं औषध नाही, लघवीवाटे साखर बाहेर टाकतं, पण हृदय आणि किडनी दोन्ही सांभाळतं. २०२५ च्या मार्चमध्ये भारतात त्याचं पेटंट संपलं आणि किंमत धाडकन खाली आली. लाखमोलाच्या इंजेक्शनची चर्चा होते आणि हे कुणी विचारतच नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवावी लागते, आणि नवरात्राचा कडक उपास किंवा जुलाब-उलट्या असतील तेव्हा ते थांबवायचं असतं, हे विचारून घ्या.

काकांच्या दोन फॉरवर्डना उत्तर देते आणि पुढे जाते. एलडीएल फार उतरलं की स्मरणशक्ती जाते, हे इव्होलोक्युमॅबच्या रुग्णांवर मुद्दाम तपासलं गेलं, फरक दिसला नाही. आणि लसूण, दालचिनी, हळद? २०२२ मध्ये यांच्या सप्लिमेंटची आणि माशाच्या तेलाची तुलना रोझुवास्टॅटिनच्या फक्त ५ मिलिग्रॅमशी केली. रोझुवास्टॅटिनने एलडीएल ३८ टक्के उतरलं. सप्लिमेंट आणि रिकामी गोळी यांत फरक करता आला नाही. लसणाची चटणी जरूर खा, ती भाकरीसाठी आहे. आहाराने एलडीएल दहा-पंधरा टक्के नक्की हलतं, खारी-बटर, वनस्पती तुपातलं फरसाण आणि रोजचं तळण सुटलं तर. पण १७२ वरून ५५ नुसत्या आहाराने होत नाही.

तेव्हा बाबांचा क्रम माझ्या मते असा लागतो. याच आठवड्यात पायाच्या नाड्या. कॅप्सूल सुटी करून स्टॅटिन वाढवणं आणि एझेटिमाइब जोडणं. त्याच भेटीत एम्पाग्लिफ्लोझिनचा प्रश्न. दोन महिन्यांनी रिपोर्ट, आणि ७० च्या वरच अडकलं तर इन्क्लिसिरान किंवा अँटीबॉडी, बिनधास्त. पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद निघाल्या, तर मी ६० वर असतानाही इंजेक्शनच्या बाजूने झुकेन. आणि कार्डिओलॉजिस्टनी आधीच कधीतरी एझेटिमाइब देऊन बघितलं असेल, तुम्हाला ते आठवत नसेल, तर मग ते म्हणतायत ते आत्ताच बरोबर आहे. जुन्या फाइलमधली प्रिस्क्रिप्शन काढून बघा.

शेवटचं, जे तुम्ही विचारलेलं नाही. बाबांना ५३ व्या वर्षी अटॅक आला. पुरुषाला पंचावन्नच्या आत अटॅक येतो तेव्हा मुलांची तपासणी करायची असते, म्हणजे तुमची आणि तुमच्या भावाची. लिपिड प्रोफाइल, आणि आयुष्यात एकदाच लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक कण, ज्याला लॅबवाले एलपी-ए म्हणतात. ते जवळपास पूर्ण आनुवंशिक असतं, खाण्याने-चालण्याने हलत नाही, स्टॅटिननेही उतरत नाही, आणि आपल्या भारतीयांत दर चार जणांत साधारण एकाचं ५० मिलिग्रॅमच्या वर असतं. ते उतरवणारी इंजेक्शनं, पेलाकार्सेन आणि ओल्पासिरान, चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यात आहेत. पण जास्त निघालं तर आजही उपयोग आहे: एलडीएल, रक्तदाब, साखर यांना आपण जास्त आवळून धरतो. बाबांचंही करा, कारण ते वाढलेलं असेल तर इंजेक्शनचा निर्णय सोपा होतो. पीसीएसके-९ अडवणाऱ्या अँटीबॉडी एलपी-ए पंचवीसेक टक्के उतरवतात.

आणि बाबांचं ते १७२ अटॅकच्या नेमक्या कितव्या दिवशी काढलं होतं तेही फाइलमध्ये बघा. अटॅकनंतर एक-दोन दिवसांत एलडीएल आपोआप खाली येतं, त्यामुळे मूळ आकडा १९० च्या वर असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर घराण्यात चालणारं कोलेस्ट्रॉल, जे अडीचशेत एकाला असतं, ते वगळावं लागेल. तुमचा किंवा भावाचा आकडा १९० च्या वर आला, किंवा कुणाच्या टाचेमागचा स्नायुबंध (टेंडन) जाड लागला, तर वय तिशीचं असलं तरी फिजिशियनला भेटा. तुम्ही नजीकच्या काळात मूल होऊ देण्याचा विचार करत असाल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, स्टॅटिनचं वेळापत्रक त्यावर ठरतं. बाबांचे पायाचे रिपोर्ट आले की इथेच लिहा, मी बघेन.